पक्कड आणि टाळूचा प्रश्न

पंपाच्या कारखान्यातल्या टेस्टिंग विभागाच्या फोरमनला सगळे पक्कड म्हणायचे. तोंडावरसुद्धा. एखादी गोष्ट त्याने धरली की सुटायची नाही, म्हणून. पंप गळतोय असा नुसता संशय आला तरी तो कुठून गळतोय हे सापडेपर्यंत पक्कड जेवायला जायचा नाही, आणि हाताखालच्या माणसांनाही जाऊ द्यायचा नाही. त्याच्या सहीशिवाय एकही पंप गाडीत चढत नसे. असेंब्लीवाले त्याच्या नावाने रोज बोटं मोडत आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने वॉशर बदलून आणत.

एकदा टेस्टिंगमधलं एक प्रेशर गेज गायब झालं. पक्कडने सगळी कपाटं उलटीपालटी केली, सगळ्यांची हजेरी घेतली आणि शेवटी गेटवरच्या सिक्युरिटीच्या केबिनमध्ये जाऊन आदल्या दिवसाचं कॅमेऱ्याचं चित्रण लावायला सांगितलं. पडद्यावर टेस्टिंगची खोली दिसू लागली. थोड्या वेळाने एक माणूस आत आला. कॅमेरा छतावर होता, त्यामुळे चेहरा दिसेना. दिसत होती ती टाळू, आणि तीही ट्यूबलाइटखाली छान चमकणारी. त्या माणसाने बिनधास्त कपाट उघडलं, गेज काढलं, खिडकीत ठेवलं आणि कान खाजवत निघून गेला.

पक्कड खुर्चीवरून उठलाच. हा टकल्या कोण, याला आपल्या विभागात कुणी सोडलं, याचं नाव आत्ताच्या आत्ता पाहिजे, असं त्याने गेटवाल्याला बजावलं. गेटवाल्याने पडद्याकडे पाहिलं, मग पक्कडकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे.

"साहेब," तो जपून म्हणाला, "शर्ट ओळखीचा वाटतोय."

शर्ट निळ्या रेघांचा होता. पक्कडच्या अंगावरही त्या दिवशी तोच होता.

गेज खिडकीतच सापडलं. पण पक्कडचं गेजवरचं लक्ष आता उडालं होतं. आरशात तो रोज स्वतःला समोरून बघायचा आणि समोरून परिस्थिती बरी होती. मागून आणि वरून हे असं चाललंय याची कुणी त्याला कल्पनाच दिली नव्हती. त्याचे वडील टकले, काका टकले, थोरला भाऊ तर लग्नातच अर्धा टकला. त्यांच्या घरात टक्कल चाळिशीच्या आसपास येऊन दाखल व्हायचं आणि मंडळी त्याला पाहुण्यासारखं घरात घ्यायची. पक्कडने त्याच संध्याकाळी ठरवलं, आपण घ्यायचं नाही. गळती आहे ना? मग ती थांबवता आली पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यात तो त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसला. बाईंनी भिंगातून त्याची टाळू नीट पाहिली, घरातल्या पुरुषांची चौकशी केली आणि सांगितलं की हे वंशातून आलेलं आहे. पुरुषांच्या अंगात एक हार्मोन असतं, त्यातल्या थोड्याचं दुसऱ्या एका जास्त कडक हार्मोनमध्ये रूपांतर होतं, आणि ज्यांच्या केसांच्या मुळांना ते दुसरं सोसत नाही त्यांची मुळं हळूहळू आक्रसत जातात. केस आधी बारीक होतो, मग लव होतो, मग नसतोच. हे रूपांतर अडवणारी एक गोळी मिळते.

पक्कडला हे लगेच पटलं. "म्हणजे लाइनमध्ये व्हॉल्व्ह बसवायचा," तो म्हणाला.

बाई हसल्या. व्हॉल्व्हच, पण शंभर टक्के बंद होणारा नव्हे. शिवाय रोज घ्यावी लागेल, सहा महिने तरी धीर धरावा लागेल आणि गोळी सोडली तर गळती पुन्हा सुरू होईल. काही थोड्या पुरुषांची इच्छा कमी होते, कुणाला उदास वाटतं, तसं काही झालं तर लाजत न बसता सरळ इकडे यायचं. फुटलेली गोळी गरोदर बाईच्या हाताला लागू द्यायची नाही, कारण पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीला अपाय होऊ शकतो. आणि याच कारणासाठी, गोळी चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावरही एक महिना, रक्तदान करायचं नाही. ते रक्त कुणा गरोदर बाईला चढवलं गेलं तर?

पक्कडने सगळ्याला मान डोलावली आणि त्या दिवसापासून गोळी सुरू केली.

मात्र कुणाला म्हणून सांगितलं नाही. कारखान्यातले अकाउंटंट बारा महिने टोपी घालून यायचे, आणि त्या टोपीवरून चहाच्या टेबलावर जे काही चालायचं ते पक्कडने रोज ऐकलं होतं. बायकोला सांगायला हरकत नव्हती. पण बायको मनाची निर्मळ, ती तिच्या धाकट्या भावाला सगळं सांगायची. हा मेहुणा त्याच कारखान्यात डिस्पॅचला होता, आणि त्याच्या कानात पडलेली गोष्ट दुपारच्या गाड्यांबरोबर चारी दिशांना रवाना व्हायची. म्हणून गोळ्यांचं पाकीट टेस्टिंगमधल्या ड्रॉवरमध्ये, गेजांच्या खाली राहायचं. सकाळचा चहा झाला की पक्कड ड्रॉवर उघडायचा, गेज तपासल्यासारखं करायचा आणि गोळी तोंडात टाकायचा.

दुसऱ्या महिन्यात केस उलट जास्तच गळायला लागले. एक दिवस न्हाणीघरात पाणी तुंबलं. पक्कडने स्वतः जाळी उघडली, आतून जे निघालं ते मुठीत दाबून बाहेर नेलं आणि बायकोला साबण अडकला होता म्हणून सांगितलं. दुसरा कुणी असता तर हात टेकले असते. पण नवीन पंप सुरू केला की आधी गंजाचं पाणी येतं हे पक्कडला ठाऊक होतं. त्याने गोळी चालू ठेवली.

आणि मग कारखान्याचं रक्तदान शिबिर आलं.

हे शिबिर दरवर्षी कॅन्टीनमध्ये व्हायचं आणि दरवर्षी ते पक्कडच भरवायचा. टेबलं हलवण्यापासून रक्तपेढीच्या डॉक्टरांना आणण्यापर्यंत सगळं त्याच्याकडे. पहिल्या खाटेवर पहिला झोपायचाही तोच. भिंतीवर त्याचा खाटेवर झोपलेला जुना फोटो लावला होता, चांगला भरघोस केसांचा. खरं तर डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्याला तो फोटो भिंतीला चिकटवतानाच आठवलं. तोपर्यंत महिनाभर आधी गोळी थांबवायची वेळ निघून गेली होती. तशी ती असती तरी त्याने थांबवली असती की नाही, शंकाच आहे.

त्याने विचार केला. आपण रक्त द्यायचं नाही, हे ठरलं. पण दिलं नाही हे कुणाच्या लक्षात येऊ द्यायचं नाही. दिवसभर नुसती धावपळ करायची. खुर्च्या आणा, रांग लावा, पंखा फिरवा. इतक्या गडबडीत कोण विचारतंय?

मालकीणबाईंनी विचारलं.

वडिलांच्या मागे कारखाना सांभाळणाऱ्या या बाई कमी बोलायच्या आणि सगळं बघायच्या. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी पक्कडला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं की मोठ्या दाबाच्या पंपांसाठी नवीन टेस्टिंग शेड उभी राहते आहे आणि ती त्याच्याकडे द्यायचा विचार आहे. शिबिर संपलं की सगळ्यांसमोर जाहीर करू. त्या दिवशी बाई कॅन्टीनमध्ये आल्या, रांगेकडे पाहिलं आणि म्हणाल्या की सुरुवात नेहमीसारखी फोरमनपासून होऊ दे. रांगेने टाळ्या वाजवल्या. पक्कड हातात दोन खुर्च्या घेऊन उभा होता. त्या त्याच्या हातातून कुणीतरी काढून घेतल्या आणि त्याला डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं.

डॉक्टर वयस्कर होते आणि कॅन्टीनचा मोठा पंखा घरघरत होता. त्यांनी ताप, खोकला विचारला आणि मग विचारलं की काही औषध चालू आहे का. नाही म्हणणं सोपं होतं. पण गळका पंप पास करणं पक्कडला आयुष्यात कधी जमलं नव्हतं, मग स्वतःला कसं पास करणार? तो पुढे वाकून पुटपुटला. डॉक्टरांना ऐकू गेलं नाही. तो पुन्हा पुटपुटला.

"कसली गोळी?" डॉक्टरांनी जोरात विचारलं.

"हार्मोनची."

"कशासाठी?"

आता हे मात्र पक्कडच्या तोंडून फुटेना. त्याने नुसतं बोट वर केलं आणि डोक्याला लावलं.

डॉक्टर समजायचं ते समजले. त्यांनी मान हलवली आणि त्याच खणखणीत आवाजात सांगितलं की मग तुमचं रक्त घेता येणार नाही, पोटातल्या बाळाला धोका असतो.

शेजारी कॅन्टीनच्या मावशी बिस्किटांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी डोक्याला लागलेलं बोट पाहिलं, हार्मोन ऐकलं, रक्त घेता येणार नाही हे ऐकलं आणि बाळही ऐकलं. मावशी मायाळू होत्या. त्यांनी ताट ठेवलं, पदर डोळ्यांना लावला आणि जी पहिली भेटली तिला सांगितलं की फोरमनच्या डोक्यात काहीतरी निघालंय. असेंब्लीत पोचेपर्यंत त्याची गाठ झाली. स्टोअरमध्ये ती लिंबाएवढी झाली. डिस्पॅचमध्ये मेहुण्याने ती ऐकली आणि तो बाहेर जाऊन बहिणीला फोन करू लागला.

पक्कडची बायको शिवणकामाच्या दुकानात कटिंग करायची. फोन घेतला तेव्हा तिच्या हातात कात्री होती.

"ताई, तू रडू नकोस," मेहुणा म्हणाला, "भाऊजींच्या डोक्यात गाठ आहे. आणि तुला दिवस गेलेत हे मला कुणी का सांगितलं नाही?"

बायकोने कात्री खाली ठेवली. यातली दुसरी बातमी तिला स्वतःलाही नवीन होती, पण पहिलीनंतर तिला दुसरी ऐकूच आली नाही.

इकडे कॅन्टीनमध्ये वेगळाच घोळ झाला होता. पक्कडचं रक्त नापास झालं, एवढं रांगेला कळलं. पक्कड म्हणजे कारखान्यातला सगळ्यात धडधाकट माणूस. त्याचंच जर नापास, तर आपल्यात हे लोक काय काय शोधून काढतील? कुणाला मशीन चालू राहिल्याचं आठवलं, कुणाला गिऱ्हाइकाचा फोन आठवला. रांग समोरून पुढे सरकेना आणि मागून मात्र भराभर विरघळू लागली. रक्तपेढीत रक्ताचा तुटवडा होता, डॉक्टरांनी सकाळीच तसं सांगितलं होतं. खाटा रिकाम्या पडल्या होत्या आणि नर्सबाई घड्याळाकडे बघत होत्या.

मालकीणबाईंनी पक्कडला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज इतका मऊ कधीच झाला नव्हता. आता कामाचं मनावर घेऊ नका, म्हणाल्या, नवीन शेडचं आम्ही दुसऱ्या कुणाला तरी बघू, तुम्ही फक्त तब्येतीकडे लक्ष द्या. पक्कडने तोंड उघडलं. मला काही झालेलं नाही, असं तो म्हणाला. बाईंनी त्याच्या दंडावर थोपटलं. असंच म्हणायचं असतं, असं त्या थोपटण्यात होतं. पुढचं खरं कारण सांगायचं तर 'केस' हा एवढासा शब्द उच्चारावा लागणार होता, आणि तो उच्चारायच्या आत बाई निघून गेल्या.

तेवढ्यात बायको आली. दुकानातून तशीच उठून आली होती, मोजायची टेप गळ्यात लटकत होती. तिने कुणाकडे पाहिलं नाही. सरळ पक्कडजवळ गेली, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि सगळ्यांदेखत बोटांनी चाचपायला लागली.

"कुठे आहे?"

"काय?"

"गाठ. अहो, मला का नाही सांगितलंत?"

पक्कडने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शेड गेली तर गेली, लोक हसले तर हसले. पण हिने दुकानापासून इथपर्यंतच्या वाटेत काय काय मनात आणलं असेल, याचा विचार त्याला करवेना. त्याने तिचे हात हलकेच खाली घेतले, भिंतीजवळ जाऊन पंखा बंद केला आणि बाकावर चढला.

पंखा थांबल्यावर कॅन्टीन एकदम शांत झालं.

"मला गाठ नाही," पक्कड म्हणाला. "मला काहीही झालेलं नाही. माझे केस गळतात. ते गळू नयेत म्हणून मी रोज एक गोळी घेतो. ती चालू असताना रक्त द्यायचं नसतं, कारण ते गरोदर बाईला गेलं तर तिच्या बाळाला अपाय होऊ शकतो. माझी बायको गरोदर नाही. माझं रक्त चांगलं आहे, तुमचंही चांगलं आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आधी हसून घ्या आणि मग रांगेत या."

लोक हसले. चांगले पोट धरून हसले, मावशीसुद्धा. बायको तेवढी हसली नाही, ती शेजारच्या खुर्चीवर मटकन बसली आणि टेपने डोळे पुसू लागली. पण रांग मात्र पुन्हा भरायला लागली. पक्कड बाकावरून उतरला तेव्हा त्याला आपण जिंकलो असंच वाटत होतं.

मग डॉक्टर उभे राहिले. त्यांनी पक्कडचं कौतुक केलं आणि म्हणाले की यांनी सांगितलं हे फार बरं झालं, कारण बरेच लोक हे लपवतात. रांगेत आणखी कुणी ही गोळी घेत असेल तर आत्ताच बाजूला व्हावं, यात लाजण्यासारखं काही नाही.

मग अकाउंटंटसाहेब रांगेतून बाहेर आले. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि टोपी न घालताच पक्कडशेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्यामागून युनियनचे पुढारी आले, घसा खाकरत. परचेसमधला एक देखणा तरुण आला, त्याच्या डोक्यावर तर जंगल होतं. ते तसंच राहावं म्हणून आधीपासून घेतो, असं त्याने खालमानेने सांगितलं. स्टोअरवाले आले. पेंटशॉपचे दोघं आले आणि एकमेकांकडे बघून दचकले. भिंतीकडेची ओळ लांबत गेली आणि खाटांसमोरची आखूड होत गेली.

सगळ्यात शेवटी, बाही वर करून खाटेवर आडवा झालेला मेहुणा उठून बसला.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. पक्कडनेही पाहिलं.

"तू?" बायको म्हणाली.

"वर्ष झालं," मेहुणा म्हणाला. "ताई, कुणाला सांगू नकोस."

त्या भिंतीशी उभ्या असलेल्या पुरुषांकडे मालकीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. तेवढ्यात वाइंडिंगच्या विभागातून बायका आल्या. मोटरींना तार गुंडाळण्याचं बारीक काम त्या करायच्या. दरवर्षी पुरुषांचीच रांग इतकी लांब असायची की त्यांच्यापर्यंत पाळी येण्याआधीच शिबिर आटोपायचं. त्यांच्यातल्या थोरल्या बाईंनी केसांचा अंबाडा घट्ट बांधला, रिकाम्या खाटा बघितल्या आणि मोकळ्या आहेत ना, एवढंच विचारून आडव्या झाल्या. मागून बाकीच्या आल्या. बायकोने गळ्यातली टेप काढून पक्कडच्या हातात दिली, पर्स दिली आणि तीही रांगेत जाऊन उभी राहिली. पक्कडच्या नेहमीच्या पहिल्या खाटेवर तिची पाळी आली. तो पर्स घेऊन तिच्या उशाशी उभा राहिला, आणि सुई टोचताना डोळे त्याने मिटले, तिने नाही.

संध्याकाळी रक्तपेढीची गाडी भरून गेली. मालकीणबाई चार शब्द बोलायचे म्हणून खरंच चारच बोलल्या. नवीन शेड फोरमनकडेच राहील. स्वतःला नापास करताना जो कचरला नाही तो माझा पंप नापास करतानाही कचरणार नाही. मग त्या केबिनकडे गेल्या आणि लोकांनी खुर्च्या उचलल्या.

घरी आल्यावर बायकोने पक्कडला ट्यूबलाइटखाली स्टुलावर बसवलं. का लपवलंत, असं तिने विचारलं. तुझ्या भावामुळे, असं त्याने सांगितलं. मग तिने त्याचं डोकं खाली वाकवलं आणि टाळू बारकाईने पाहिली. या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली.

"मला तर काही फरक दिसत नाही," ती म्हणाली.

"तोच फरक आहे," पक्कड ठामपणे म्हणाला. आधी गळती थांबते, ते पहिलं यश. पुढे बारीक झालेले काही केस जाड झाले तर तो आपला फायदा, पण डॉक्टरीणबाईंनी तसा शब्द दिलेला नाही. मी वर्षभर तर घेणारच.

बायकोने पुन्हा एकदा टाळूवरून बोट फिरवलं.

"म्हणजे गोळी लागू पडली, तर काहीच दिसणार नाही?"

"बहुतेक."

"आणि नाही लागू पडली तर?"

"तर मग दिसेल."

तिने त्याचं डोकं सोडलं आणि ट्यूबलाइट बंद करायला उठली.

"अहो," ती म्हणाली, "मग इतके महिने तुम्ही लपवत काय होतात?"